लोकसाहित्य केंद्राचा वार्षिक हिशोब तासांत मागा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विद्यापीठांच्या वार्षिक अहवालात लोकसाहित्य केंद्राला जे पान-दीड पान मिळते, त्यात बहुधा एक राष्ट्रीय परिसंवाद, एक लोककला महोत्सव, दोन कार्यशाळा आणि २२ ऑगस्टच्या लोकसाहित्य दिनाचे छायाचित्र असते. पाहुण्यांची नावे असतात. वर्षभरात किती तासांचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्यातले किती तास उतरवून, तपासून, नोंदवून अभ्यासकाच्या हाती देण्याजोगे झाले, हे दोन आकडे मात्र नसतात. हे दोन आकडे अहवालात सक्तीचे करावेत आणि दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त वजन द्यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

रेकॉर्डिंग करणे हा या कामातला सर्वांत स्वस्त भाग आहे, हे बाहेरच्या माणसाला पटकन पटत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशा चांगल्या दर्जाच्या मुद्रणाला तासाला साधारण एक जीबी जागा लागते. शंभर तासांचे शंभर जीबी झाले. त्याच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात, एवढा खर्च कोणत्याही विद्यापीठाला झेपतो. खरा खर्च माणसांच्या तासांचा आहे. एका तासाच्या मुद्रणाची कालसूची करायला, म्हणजे कितव्या मिनिटाला काय आहे ते लिहायला, दोन तास लागतात. शब्द उतरवायला दहा तास धरावेत. मागे सूर धरणारे झीलकरी असतील, हलगी-संबळ वाजत असेल तर त्याहून जास्त. ती बोली घरी बोलणाऱ्या माणसाबरोबर बसून तपासायला तीन तास, अवघड शब्दांचे अर्थ आणि संदर्भ लिहायला दोन, नोंदपत्रक भरायला एक. म्हणजे एका तासामागे अठरा तास. केंद्रात दोन संशोधन साहाय्यक आहेत, ते वर्षाचे दोनशे दिवस रोज सहा तास फक्त हेच काम करतात असे मानले, तरी हाती २,४०० तास येतात. त्याला अठराने भागले की १३३. दौऱ्याचे दिवस आणि परिसंवादाच्या पत्रिका वाटण्यात जाणारे दिवस वजा केले, तर दोन माणसांचे केंद्र वर्षाला शंभर तासांपलीकडे प्रामाणिकपणे जाऊ शकत नाही. वर्षात पाचशे तास मुद्रित केल्याचे जे केंद्र अभिमानाने सांगते, त्याने चारशे तास कपाटात टाकले आहेत, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आता पैसा कधी येतो ते पाहू. लोकपरंपरेचे वर्ष तिथीने चालते, अनुदानाचे एप्रिल ते मार्च. नागपंचमी २०२२ मध्ये २ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे २१ ऑगस्टला, २०२४ मध्ये ९ ऑगस्टला आणि २०२५ मध्ये २९ जुलैला. खानदेशात कानबाई ही देवी बसते ती नागपंचमीनंतरच्या रविवारी. जुलैअखेर हातात पैसे नसतील तर कानबाईची गाणी त्या वर्षापुरती गेली. ‘पुन्हा एकदा म्हणून दाखवा’ असे सांगून ऑक्टोबरमध्ये जे मिळते, ते कानबाईचे गाणे नसून त्याची आठवण असते. हादगा, भोंडला आणि भुलाबाई एकच समजून एकाच पथकावर सोपवण्याची चूकही नेहमीची. हादगा सूर्य हस्त नक्षत्रात शिरतो तेव्हा, म्हणजे सप्टेंबरच्या २६-२७ तारखेच्या सुमारास सुरू होतो आणि ती तारीख फारशी हलत नाही. नवरात्रातला भोंडला तिथीबरोबर हलतो. २०२३ मध्ये घट १५ ऑक्टोबरला बसले, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला. विदर्भ-खानदेशातली भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर चालते. एखाद्या वर्षी या तिघी एकमेकींवर येतात आणि एका पथकाला एकच गाठता येते.

दिवाळीनंतर तर नुसती धावपळ असते. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावोगावचे मेळे भरू लागतात आणि दंडार हे लोकनाट्य उभे राहते, तुळशीचे लग्न झाले की तळकोकणात दशावताराचे खेळ लागतात, मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या आगेमागे जेजुरीसह खंडोबाच्या सगळ्या ठाण्यांवर जागरणे असतात. विद्यापीठाच्या सत्र परीक्षाही याच दिवसांत येतात, त्यामुळे विद्यार्थी मिळत नाहीत. पुढे कानिफनाथांच्या मढीची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. भटक्या-विमुक्त समाजांच्या परंपरा पाहण्याची ही मोठी संधी, पण नेमक्या त्याच पंधरवड्यात केंद्राचा संचालक ३१ मार्चच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान खर्च झाल्याचा दाखला, द्यायचे म्हणून लेखा विभागाच्या दारात उभा असतो. लगेच चैत्र लागतो. शिखर शिंगणापूर, जोतिबा, गावोगावच्या जत्रा, जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव, सगळे एप्रिल-मे महिन्यांत. तेव्हा जुने अनुदान व्यपगत झालेले असते आणि नवे आलेले नसते. फेब्रुवारीत उशिरा हाती आलेले पैसे महिनाभरात संपवायचे असतील तर काय होणार? मंडप, ध्वनिव्यवस्था, भोजन आणि स्मृतिचिन्हे यांवर ते झटपट संपतात. महोत्सव भरवण्याची हौस असतेच असे नाही, बिले वेळेत लागतात म्हणून महोत्सव होतात. यावर उपाय अवघड नाही. दौऱ्यांचा खर्च वार्षिक अनुदानातून न करता एका कायम निधीच्या व्याजातून करावा, आणि पुढच्या चैत्र ते फाल्गुन वर्षाचा दौरा-आराखडा पंचांग हाती घेऊन आदल्या डिसेंबरातच मंजूर करावा. अधिक महिन्याच्या वर्षी तारखा किती सरकणार हे तीन वर्षे आधीही ठाऊक असते.

प्रत्यक्ष मुद्रणात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. जागरण किंवा गोंधळ रात्री नऊ-दहाला सुरू होतो. पथक गण, देवांना आवतन आणि आख्यानाचा थोडा भाग टिपते आणि एक-दोनच्या सुमारास जेवणखाण उरकून निघून जाते. त्यामुळे संग्रहांत जागरणाचे पूर्वार्ध भरपूर आणि पहाटेचे लंगर (लोखंडी साखळी) तोडणे व त्यानंतरची आरती दुर्मीळ, अशी विचित्र स्थिती दिसते. पूर्ण रात्र टिपायची तर दोन माणसे पाळीपाळीने हवीत, रेकॉर्डरला बाहेरून वीज देणारी पॉवर बँक हवी आणि फाइल ज्या ठिकाणी आपोआप तुटते ती जागा माहीत हवी. साध्या वेव्ह फाइलची कमाल मर्यादा चार जीबी असते. काही यंत्रे दोन जीबीलाच नवी फाइल उघडतात आणि त्या क्षणी अर्धा शब्द गिळतात. आख्यान रंगात असताना ते होऊ नये म्हणून मधल्या विसाव्यात आपणच मुद्रण थांबवून पुन्हा सुरू करावे.

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या आवाजावर विसंबणे हा दुसरा नेहमीचा दोष. कॅमेरा आवाजाची पातळी स्वतः वर-खाली करतो. संबळावर थाप पडली की गोंधळ्याचा आवाज दबतो, थाप थांबली की मागची कुजबुज वर येते, आणि हे नंतर दुरुस्त करता येत नाही. स्वतंत्र रेकॉर्डर हवा, त्याची पातळी हाताने ठरवलेली हवी आणि सर्वांत मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहायला हवा. रेकॉर्डर गाणाऱ्यासमोर दीड-दोन मीटरवर ठेवला आणि संबळवाला त्याच्या पाठीमागे एक पाऊल असला की शब्द स्वच्छ येतात. तो तसा उभा नसेल तर रेकॉर्डर हलवावा, संबळवाल्याला हलवू नये. त्यांच्या उभे राहण्याचाही एक क्रम असतो. यात्रेत कर्णे आणि जनरेटर यांपासून सुटका नाही. तिथे निदान आदल्या संध्याकाळी पालावर बसून शांतपणे एक मुद्रण करून ठेवावे आणि दोन्ही जपावीत. प्रत्येक मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, गाव, गाणाऱ्याचे नाव आणि प्रसंग मोठ्याने बोलून घ्यावा. कागद हरवतो, फाइलचे नाव बदलते, पण आवाजातली नोंद आवाजासोबतच राहते.

जात्यावरच्या ओवीचे तंत्र याहून निराळे आहे. जाते न फिरवता ओव्या म्हणायला सांगितले की चाल सैल पडते, ओळीतले भरीचे शब्द गळतात आणि पुढची ओवी आठवत नाही, कारण ओवीची लय हातातल्या खुंट्याच्या फेऱ्यावर बसलेली असते. तेव्हा जाते फिरलेच पाहिजे. पण मुद्रणापुरते म्हणून रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो, म्हणून खरेच धान्य घ्यावे आणि मुठीमुठीने जात्यात वैरण, म्हणजे दळायचे दाणे, घालत राहावे. रेकॉर्डर जमिनीवर ठेवला तर घरघर त्यात उतरते. स्टुलावर घडी केलेली गोधडी टाकून त्यावर ठेवला की पुरते.

याहून मोठे नुकसान होते ते शब्द उतरवताना, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. शहरात वाढलेला विद्यार्थी हेडफोन लावून बसतो आणि ‘व्हता’ ऐकून ‘होता’ लिहितो, ‘नही’चे ‘नाही’ करतो, वऱ्हाडी गाण्यात ‘ळ’च्या जागी आलेला ‘य’ किंवा ‘ड’ पुन्हा ‘ळ’ करून टाकतो. त्याचा हेतू चांगलाच असतो, त्याला ती दुरुस्ती वाटते. पण अशा संग्रहावरून पुढे कोणी बोलीचा अभ्यास करू म्हणाला तर त्याच्या हाती प्रमाण मराठीच लागते. ‘गं बाई’, ‘जी जी रं जी’, मध्येच आलेला हुंकार, पुन्हा घेतलेली ओळ हे सगळे ‘निरर्थक’ म्हणून गाळले जाते आणि छंद मोजायची सोयच उरत नाही. पुनरावृत्तीसाठी नुसता दोनचा आकडा टाकण्याची सवयही वाईट, कारण दुसऱ्या वेळी ओळ क्वचितच जशीच्या तशी येते. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतले दोन ‘च’ देवनागरीत एकाच अक्षराने लिहावे लागतात. अहिराणी, मालवणी किंवा भिली मुद्रणात हा भेद कसा दाखवायचा, याचा नियम केंद्राने एकदाच, लेखी ठरवावा. कोणी अक्षराखाली टिंब म्हणजे नुक्ता देतो, कोणी देत नाही, असे झाले की संगणकावर शोध घेताना निम्मे शब्द सापडत नाहीत.

म्हणूनच बोली बोलणाऱ्या तपासनीसाचे पद हवे, आणि ते कंत्राटी का होईना पण तासावर मानधन देणारे हवे. तो पदवीधर असण्याची अट घालू नये. डोंगरची भिली तपासणारा माणूस नेट-सेट झालेला असावा, अशी अपेक्षा करणाऱ्या जाहिरातीला अर्ज येत नाहीत आणि मग ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ अशी नोंद होते.

नोंदवहीबद्दल थोडक्यात. गावाच्या नावाने नोंद करणे पुरेसे नाही. वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात किती असतील, ते मोजत बसायला नको. प्रत्येक नोंदीला जनगणनेचा ग्रामसंकेतांक द्यावा. जिल्हा बदलतो, संकेतांकावरून गाव शोधता येते. १ जुलै १९९८ पूर्वी अक्कलकुव्याचे मुद्रण ‘धुळे’ म्हणून नोंदले गेले, आज तो नंदुरबार जिल्हा आहे. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत जव्हारचा बोहाडा ‘ठाणे’ होता, आता पालघर आहे. गाणारीचे पूर्ण नाव, वय, माहेर आणि सासर ही चारही हवीत, कारण ओवी बहुतेक माहेराहून आलेली असते आणि नोंद सासरच्या गावावर पडते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी उभारलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहात एक हजारावर गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यात आज कोणालाही शोध घेता येतो तो संख्येमुळे नव्हे. ओवी, गाणारी, गाव आणि विषय यांची सांगड सुरुवातीपासून घातली गेली म्हणून घेता येतो. लोककथांना आंतरराष्ट्रीय कथाप्रकारांचे क्रमांक द्यावेत, पण कथा मूळ बोलीत पूर्ण उतरवल्यानंतर. ‘चल रे भोपळ्या’ची कथा १२२ एफ या क्रमांकाखाली बसते, त्यावरून इराणातल्या भोपळ्यातल्या म्हातारीपर्यंत जाता येते. मात्र नुसता क्रमांक आणि चार ओळींचा सारांश लिहून फाइल मिटवणारी केंद्रेही आहेत, आणि तसल्या नोंदीचा उपयोग कोणालाच नाही.

संमती एकाच सहीने घेऊ नये. मुद्रण करायला हरकत नाही, अभ्यासकाला केंद्रात बसून ऐकवायला हरकत नाही, इंटरनेटवर टाकायला हरकत नाही, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि उत्तरेही बहुधा वेगळी येतात. बायकांनी बायकांत म्हटलेली गाणी, अंगात आलेल्या व्यक्तीचे बोलणे, घरातल्या माणसाचे नाव घेऊन केलेली तक्रार यांवर तिसरी परवानगी सहसा मिळत नाही. ती मागितलीही जाऊ नये. सही येत नसेल तर आवाजात घेतलेली संमती ग्राह्य धरण्याचा ठराव विद्यापीठाने करावा. मानधनाचे तर विचारू नये. बँक पासबुक, पॅन आणि तीन प्रतींतली पावती मागणारी पद्धत मंडप कंत्राटदाराला सोयीची आहे, पालावर राहणाऱ्या वासुदेवाला किंवा नंदीवाल्याला नाही. त्याचे बिल सहा-सहा महिने फिरते. पुढच्या वर्षी तोच माणूस त्याच पथकाला दार का उघडेल? ठराविक रकमेपर्यंत जागेवर रोख मानधन देऊन, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते लेख्यात घेण्याची मुभा संचालकाला असावी. गाण्याची एक प्रत गाणाऱ्याच्या घरच्या फोनवर पाठवावी, याचा फायदा केंद्रालाही होतो. उतरवण्यातल्या निम्म्या चुका त्या घरातूनच कळवल्या जातात.

शेवटी जुन्या कॅसेटींचा प्रश्न, आणि तो थांबण्यासारखा नाही. १९८० आणि ९० च्या दशकांत प्राध्यापकांनी आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी केलेली मुद्रणे विभागांच्या लोखंडी कपाटांत पडून आहेत. दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट लावून पाहू म्हणून डेकमध्ये घातली की बुरशी यंत्राच्या हेडवर जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. फितीला हेडवर दाबून धरणारी छोटी गादी सुटलेली असते, तेव्हा आवाज मंद येतो आणि लोक समजतात की मुद्रणच खराब होते. प्रत्यक्षात फीत काढून पाच स्क्रूंच्या नव्या खोळीत बसवली की बहुतेक वेळा आवाज परत येतो. १२० मिनिटांच्या कॅसेटींची फीत फार पातळ असते, ती वेगाने पुढे-मागे करू नये, ताणली जाते. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, घाई करायची सोय नाही. स्वच्छता, हेडचा कोन जुळवणे आणि नोंद धरून एका कॅसेटमागे अडीच-तीन तास जातात. चांगले डेक आता नव्याने बनत नाहीत आणि ते दुरुस्त करणारे कारागीर बहुतेक उतारवयातले आहेत.

तेव्हा प्रत्येक विद्यापीठाने मे महिना संपण्यापूर्वी आपल्या मराठी विभागांतल्या, संलग्न महाविद्यालयांतल्या आणि निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्या कॅसेटींची नुसती यादी करावी. कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते वर्ष आणि बुरशी आहे की नाही, एवढे चार रकाने पुरेत. बुरशी लागलेल्या वेगळ्या डब्यात काढाव्यात, बाकीच्यांसोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून डबे घट्ट झाकावेत, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले असेल तर ते वीतभर पुढे ओढावे. याला अनुदान लागत नाही, शिपायाची आणि एका विद्यार्थ्याची आठवडाभर मदत लागते.

आपले,
लोकसाहित्याच्या क्षेत्रकार्यात आणि संग्रहणात काम करणारे काही अभ्यासक